खाली दुकानं, वर घरं: इमारतीच्या सामाईक विम्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळमजल्यावर गाळे, पहिल्या मजल्यावर क्लास नाहीतर दवाखाना आणि त्याच्या वर बिऱ्हाडं, अशा इमारतींमधल्या सेक्रेटरींनी, खजिनदारांनी, गाळेधारकांनी आणि फ्लॅटधारकांनी पाठवलेले हे प्रश्न आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातले कायदे आणि गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी धरून दिली आहेत. तुमच्या सोसायटीने मंजूर केलेले उपविधी थोडे वेगळे असू शकतात, तेव्हा कपाटातली ती प्रत एकदा बाहेर काढाच.

१. सोसायटीने इमारतीचा विमा काढलाय. म्हणजे माझं घर किंवा दुकानही त्यात आलं ना?

घराच्या भिंती आल्या, घरातलं कपाट आलं नाही. सोसायटीची पॉलिसी साधारणपणे सगळ्या बांधकामावर असते: पाया, खांब, स्लॅब, आतल्या-बाहेरच्या भिंती, जिने, गच्ची, पाण्याच्या टाक्या, कुंपणाची भिंत. तुमचं फर्निचर, दुकानातला माल, काचेचा दर्शनी भाग, पाटी, फॉल्स सीलिंग यांचा विमा ज्याचा त्याने काढायचा.

पण काही कमिट्या पैसे वाचवायला फक्त जिना, गच्ची, पंपघर एवढ्याच सामाईक भागांचा विमा काढतात. मग तुमच्या डोक्यावरचा स्लॅब कोणाच्याच पॉलिसीत नसतो, आणि हे कळतं ते क्लेमच्या वेळी. ओळखायची सोपी युक्ती आहे. पॉलिसीचं शेड्यूलचं पान (कशाचा, किती रकमेचा विमा आहे ते लिहिलेलं) मागून घ्या आणि विम्याच्या रकमेला इमारतीच्या एकूण बांधीव क्षेत्राने भागा. चौरस फुटाला दोनशे-तीनशे रुपये निघाले, तर अख्खी इमारत त्यात बसलेली नाही हे उघड आहे.

२. सामाईक म्हणजे नेमकं काय? दुकानापुढचा ओटा, शटर, गच्चीवरचा मोबाइल टॉवर यातलं कोणाचं काय?

आदर्श उपविधींत सोसायटीने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायच्या गोष्टींची यादी आहे. अंतर्गत रस्ते, कुंपण, बाहेरच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या, पंप, टाक्या, जिने, गच्ची आणि तिचे कठडे, बाहेरच्या भिंती, लिफ्ट आणि प्रत्येक घराच्या मुख्य स्विचपर्यंतची वीजवाहिनी. विम्यासाठीही हीच यादी वापरा, वाद कमी होतात.

ओट्याखालची मोकळी जागा सोसायटीची, शटर गाळेधारकाचं. टॉवर आणि त्याचं केबिन त्या कंपनीचं, पण ज्या स्लॅबवर ते उभं आहे तो सोसायटीचा. म्हणून टॉवरच्या करारात नुकसानभरपाईचं कलम हवं आणि कंपनीच्या विम्याची प्रत दरवर्षी मागून घ्यायला हवी. सौर पॅनेल सोसायटीचे असतील तर पॉलिसीत त्यांची नोंद वेगळी करून घ्या. 'इमारत' या एका शब्दात ते आपोआप येतील असं धरून चालू नका.

३. विमा काढणं बंधनकारक आहे की कमिटीच्या मर्जीवर?

आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने आपल्या इमारतीचा आग आणि भूकंप या दोन जोखमींसाठी विमा काढायलाच हवा. भूकंपावर बोट ठेवायचं कारण असं, की जुन्या पद्धतीच्या 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स' पॉलिसीत भूकंप मुळात नसतो, जादा पैसे भरून तो घ्यावा लागतो. फक्त आगीची पॉलिसी काढून 'विमा आहे' असं अहवालात लिहिणाऱ्या सोसायट्यांनी उपविधी अर्धाच पाळलेला असतो.

४. आमची सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे. आम्हाला काय लागू?

तुम्हाला १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा लागू. घोषणापत्रात (अपार्टमेंटच्या नोंदणीचं 'डिक्लरेशन') किंवा उपविधींत तशी तरतूद असेल, किंवा बहुसंख्य अपार्टमेंटधारकांनी मागणी केली, तर व्यवस्थापक किंवा मंडळाने विमा काढायचा आणि प्रीमियम सामाईक खर्चात धरायचा. शिवाय प्रत्येकाला स्वतःच्या युनिटचा वेगळा विमा काढायचा हक्क आहेच. खर्चाची वाटणीही वेगळी आहे: घोषणापत्रात तुमचा सामाईक भागातला अविभाज्य हिस्सा जितके टक्के, तितका तुमचा वाटा. प्रश्न ७ मधला हिशेब तुमच्यासाठी नाही.

या कायद्यातली एक तरतूद फार कमी जणांना ठाऊक असते. इमारतीचं नुकसान झाल्यापासून ६० दिवसांत दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करायची असं संघटनेने ठरवलं नाही, तर मालमत्ता सगळ्यांच्या सामाईक मालकीची मानली जाते आणि कोणीही एक मालक वाटणीचा दावा लावू शकतो. मग विक्रीचे आणि विम्याचे पैसे एकत्र करून हिश्श्यांप्रमाणे वाटले जातात. खाली भरभक्कम भाडं देणारे गाळे आणि वर स्वतः राहणारी कुटुंबं असतील तर दोघांचं हित ६० दिवसांत जुळेलच असं नाही. मोठं नुकसान झालं तर सभा बोलवायला सर्व्हेअरच्या (नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाच्या) अहवालाची वाट बघू नका.

५. पॉलिसी कोणती घ्यायची? एजंट 'भारत गृह रक्षा' म्हणतोय, दुसरा 'लघु उद्यम' म्हणतोय.

विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून तीन प्रमाणित पॉलिसी आणल्या. घरांसाठी भारत गृह रक्षा. व्यवसायांसाठी, एका ठिकाणच्या मालमत्तेचं मूल्य ५ कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि ५ ते ५० कोटींमध्ये असेल तर भारत लघु उद्यम सुरक्षा. त्यापुढच्या रकमांना प्रश्न ३ मधली जुन्या धर्तीची आग पॉलिसी.

गृह रक्षा घरांसाठी उदार आहे. पूर, वादळ, भूकंप, भूस्खलन, दंगल, दहशतवाद, टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं मूळ पॉलिसीतच आहे आणि कमी रकमेचा विमा काढला म्हणून क्लेम कापत नाहीत. पण तिचा पाया राहण्यासाठीचा वापर हा आहे. आठ गाळे आणि एक खानावळ असलेली इमारत निव्वळ घर म्हणून दाखवली तर पुढे काय होतं ते प्रश्न ८ मध्ये आहे. काही कंपन्या घरं आणि गाळे यांचे दोन वेगळे भाग करून देतात, काही संपूर्ण इमारत व्यावसायिक धरतात. कोणत्याही एजंटला एकच प्रश्न विचारा: 'गाळ्यांचा वापर शेड्यूलमध्ये कुठे लिहिलेला दिसेल?' उत्तर तोंडी देत असेल तर ईमेलवर मागा.

६. विम्याची रक्कम किती ठेवायची? आमच्याकडे फ्लॅटचा भाव चौरस फुटाला १२ हजार आहे.

तो भाव जागेसकट आहे. आग लागली तरी जमीन जळत नाही. विमा काढायचा तो पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चाचा. समजा एकूण बांधीव क्षेत्र २४,००० चौरस फूट आहे आणि तुमच्या भागात तसं बांधकाम करायला चौरस फुटाला २,५०० रुपये लागतात. रक्कम झाली ६ कोटी. दर तुमच्या ओळखीच्या आर्किटेक्टकडून लेखी घ्या. पार्किंग, टाक्या, कुंपण धरायला विसरू नका.

आता समजा कमिटीने प्रीमियम वाचवायला ३ कोटींचाच विमा काढला आणि जिन्यात २० लाखांचं नुकसान झालं. 'नुकसान तर २० लाखांचंच, मग ३ कोटी पुरले की' असं सभेत कोणीतरी म्हणतंच. गृह रक्षा सोडली तर हिशेब तसा नाही. निम्म्या किमतीचा विमा, म्हणून नुकसानीच्याही निम्मे, म्हणजे १० लाख. सूक्ष्म आणि लघु उद्यम पॉलिसींत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, पण ५० टक्क्यांची नाही.

इमारत जुनी असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: भरपाई घसारा वजा करून मिळणार की नव्याने बांधायच्या खर्चाप्रमाणे? दुसरा पर्याय घ्या. मात्र त्यात पैसे प्रत्यक्ष काम केल्यावरच मिळतात आणि जुन्या आग पॉलिसीत ते काम १२ महिन्यांत पूर्ण करावं लागतं. मुदत वाढवून हवी असेल तर कंपनीची लेखी परवानगी लागते.

७. प्रीमियम कोणी किती भरायचा? दुकानं कमावतात, मग त्यांच्याकडून दुप्पट घेता येईल का?

'कमावतात म्हणून' दुप्पट घेता येणार नाही. सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावर होतात, आणि गंमत म्हणजे उत्तर उपविधी क्रमांक ६७ मध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. सेवाशुल्क सगळ्यांना समान. विम्याचा हप्ता बांधीव क्षेत्राच्या प्रमाणात. आणि एखाद्या व्यावसायिक गाळ्यात विशिष्ट प्रकारचा माल साठवल्यामुळे कंपनीने जादा प्रीमियम लावला, तर तो जादा भाग ज्यांच्यामुळे लागला त्यांनीच, त्यांच्या क्षेत्राच्या प्रमाणात भरायचा.

वरच्याच इमारतीचा हिशेब करू. मूळ प्रीमियम समजा ३०,००० रुपये, म्हणजे चौरस फुटाला सव्वा रुपया. ८०० फुटांच्या फ्लॅटचे १,००० रुपये, ४०० फुटांच्या औषधाच्या दुकानाचे ५००. दुकानवाला फ्लॅटवाल्यापेक्षा कमी भरतोय हे ऐकून वरच्या मजल्यांवर चुळबुळ होते, पण नियम तसाच आहे. आता रंग आणि थिनर विकणारे ६०० आणि ४०० फुटांचे दोन गाळे आहेत आणि त्यांच्यापायी कंपनीने १२,००० जादा लावले. ते ७,२०० आणि ४,८०० असे त्या दोघांवरच. मूळ हप्ता धरून पहिल्याचे ७,९५० आणि दुसऱ्याचे ५,३००. औषधाच्या दुकानावर एक पैसाही जादा नाही.

यासाठी कंपनीकडून प्रीमियमची फोड लेखी हवी: मूळ किती, जादा किती, कोणत्या मालामुळे. ती फोड नसेल तर जादा वसुली सहकारी संस्थांच्या निबंधकापुढे टिकवणं अवघड जातं. प्रीमियमवरचा १८ टक्के जीएसटीही त्याच प्रमाणात वाटा.

८. एजंट म्हणाला, 'निव्वळ निवासी लिहा, स्वस्तात पडेल.' असं चालतं का?

पॉलिसी निघेपर्यंत चालतं. विम्याच्या करारात जोखमीबद्दलची महत्त्वाची माहिती खरी आणि पूर्ण द्यायची जबाबदारी विमा घेणाऱ्यावर असते. प्रस्ताव अर्जावर सही सेक्रेटरीची असते, एजंटची नाही.

प्रत्यक्षात काय होतं बघा. क्लेमनंतर सर्व्हेअर येतो आणि पहिल्यांदा फाटकात उभा राहून इमारतीचा दर्शनी फोटो काढतो. त्या फोटोत 'बेकरी', 'गॅस वेल्डिंग', 'झेरॉक्स व लॅमिनेशन' अशा पाट्या वाचता येतात. मग तो मालमत्ता कराची बिलं मागतो, ज्यात बिगरनिवासी क्षेत्र वेगळं छापलेलं असतं. मग वीजजोडणीचे प्रकार बघतो. अर्जातला 'निवासी' हा शब्द तिथेच उघडा पडतो, आणि जिन्यातली आग वरच्या मजल्यावरच्या इस्त्रीमुळे लागली असली तरी माहिती दडवल्याचा मुद्दा कंपनीच्या हातात जातो.

काम अर्ध्या दिवसाचं आहे. प्रत्येक गाळ्याचा क्रमांक, क्षेत्र, सध्याचा व्यवसाय, ज्वलनशील माल किंवा व्यावसायिक सिलिंडर आहेत का, गाळा मालक वापरतो की भाडेकरू, एवढा एक तक्ता करा, गाळेधारकांच्या सह्या घ्या आणि अर्जाला जोडा. पोच घ्या. त्या कागदामुळे प्रीमियम थोडा वाढेल. आमच्या मते इमारतीच्या विम्यावर खर्च केलेले सर्वांत कामाचे पैसे हेच.

९. पॉलिसी काढली तेव्हा कपड्यांचं दुकान होतं. मधेच तिथे चायनीजचं हॉटेल आलं. आता?

लगेच कंपनीला कळवा, नूतनीकरणापर्यंत थांबू नका. जुन्या आग पॉलिसीत तशी स्पष्ट अट आहे: धंदा बदलला किंवा जागेचा वापर बदलून जोखीम वाढली, आणि कंपनीची लेखी संमती घेतली नसेल, तर त्या मालमत्तेपुरतं संरक्षण थांबतं. कंपनी जादा प्रीमियम घेऊन पॉलिसीला जोडपत्र देते. तो जादा प्रीमियम कोणी भरायचा ते प्रश्न ७ मध्ये आहे.

भाडेकरू आला की सोसायटीला कळवायचंच असतं, त्या पत्रात व्यवसायाचं स्वरूप लिहायला लावा. जिन्याखाली रचून ठेवलेले सिलिंडर हा विम्याच्याही आधीचा, अग्निसुरक्षेचा प्रश्न आहे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं 'नमुना ब' प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर ते हमखास मागतो. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या पबना आग लागून १४ जणांचा जीव गेला, तेव्हापासून या कागदांकडे सगळेच जास्त बारकाईने बघतात.

१०. मीटर रूममध्ये शॉर्टसर्किट होऊन आग लागली. शॉर्टसर्किट विम्यात येत नाही असं ऐकलंय.

अर्धवट ऐकलंय. ज्या उपकरणात शॉर्टसर्किट झालं त्या उपकरणाचं स्वतःचं नुकसान आग पॉलिसीत येत नाही. त्यातून आग भडकून बाकीचं जे जळलं ते येतं. म्हणजे एका गाळ्याचा स्विच तापून वितळला आणि तिथेच विझला, तर क्लेम नाही. त्याची ज्योत लाकडी फळीला लागली, फळीवरून बाजूच्या सगळ्या केबलला लागली, काजळीने जिना तीन मजल्यांपर्यंत काळा झाला आणि पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांच्या काचा तडकल्या, तर तो पहिला स्विच वगळून उरलेलं सगळं नुकसान मागता येतं.

खोलीत जळालेले मीटर वीज कंपनीचे. मीटरपासून घराच्या किंवा गाळ्याच्या मुख्य स्विचपर्यंतची वाहिनी सोसायटीची. त्यापुढची ज्याची त्याची. क्लेमच्या यादीत हे तीन ढीग सुरुवातीलाच वेगळे करा, नाहीतर सर्व्हेअर ते त्याच्या पद्धतीने वेगळे करतो.

११. मग लिफ्ट, पंप, जनरेटर आपोआप बंद पडले तर?

त्यासाठी मशिनरी ब्रेकडाउन नावाची वेगळी पॉलिसी असते. मोटर जळणं, यांत्रिक बिघाड हे त्यात येतं, झीज येत नाही. लिफ्टचा सर्वसमावेशक देखभाल करार असेल तर आधी तो वाचा, बरेचसे सुटे भाग त्यातच असतात.

लिफ्टमध्ये माणसाला इजा झाली तर हा वेगळा विषय. महाराष्ट्राच्या २०१७ च्या लिफ्ट कायद्यात लिफ्ट वापरणाऱ्यांसाठी त्रयस्थ पक्षाचा विमा बंधनकारक केला आहे. 'मी तळमजल्यावर, लिफ्ट वापरत नाही' असं गाळेधारक म्हणतात. त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी, वापरोत न वापरोत, लिफ्टचा खर्च समान वाटून घ्यायचा असं उपविधी ६७ सांगतो.

१२. वरच्या क्लिनिकच्या बाथरूममधून माझ्या दुकानात ओल येते. सोसायटीच्या विम्यातून दुरुस्ती होईल?

नाही. पाइप किंवा टाकी अचानक फुटून झालेलं नुकसान विम्यात येतं, महिनोन्‌महिने झिरपणारी ओल येत नाही. ती देखभाल. दोन मजल्यांमधली गळती असेल तर ती त्या दोन सभासदांनी मिटवायची, बाहेरच्या सामाईक वाहिनीतून किंवा पावसामुळे असेल तर सोसायटीने.

'झीज आहे' असं सांगून खरा क्लेमही नाकारला जाऊ शकतो, म्हणून स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल हाताशी ठेवा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा करायचं असतं. नव्या इमारतीत बांधकामाचाच दोष निघाला तर ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांपर्यंत तो विनामूल्य दुरुस्त करायची जबाबदारी रेरा कायद्याने बिल्डरवर टाकली आहे. तिथे विमा कंपनीच्या मागे लागू नका.

१३. पावसात तळघर भरलं. काय मिळेल?

भिंती, फरशी, पंप आणि यादीत नोंदवलेली यंत्रं यांचं नुकसान पूर या जोखमीत. गाड्यांचं त्यांच्या मोटार पॉलिसीत. तळघराच्या गोदामातल्या मालाचं त्या दुकानदाराच्या पॉलिसीत. जुन्या आग पॉलिसीत 'वादळ, पूर, जलमय होणे' हा गट काढून टाकून सवलत घेता येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. कोकणपट्टीतल्या कोणत्याही कमिटीने ही सवलत घेऊ नये.

१४. छज्जाचं प्लास्टर गिऱ्हाइकाच्या डोक्यात पडलं. भरपाई कोण देणार?

बाहेरची भिंत आणि छज्जा सोसायटीचा, तेव्हा दावा सोसायटीवर. इमारतीच्या आग पॉलिसीतून यातलं काही मिळत नाही. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. खाली दुकानं असलेल्या इमारतीत दिवसभर अनोळखी माणसांचा राबता असतो, त्यामुळे निव्वळ घरांच्या सोसायटीपेक्षा तुम्हाला ती जास्त गरजेची. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याशी घोळ करू नका, तो घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे.

वॉचमन किंवा सफाई कामगाराला कामावर इजा झाली तर २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता (नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा होता). माणूस एजन्सीचा असला तरी आधी दावा सोसायटीवर येऊ शकतो, मग सोसायटीने एजन्सीकडून वसूल करायचं. एजन्सीच्या विम्याची प्रत करारालाच जोडून घ्या.

१५. आग माझ्या भाडेकरूच्या किचनमधून लागली. सोसायटीला विम्याचे पैसे मिळाले, म्हणजे विषय संपला ना?

सोसायटीपुरता कदाचित. भरपाई दिल्यावर सोसायटीचा नुकसान वसूल करण्याचा हक्क विमा कंपनीकडे जातो आणि ज्याच्या हलगर्जीपणामुळे आग लागली त्याच्यावर कंपनी दावा लावू शकते. भाडेकरू सोसायटीचा सभासदही नसतो, त्यामुळे तो जास्त उघड्यावर.

यावर तीन उपाय. पॉलिसीत विमाधारकाचं नाव 'सोसायटी आणि तिचे सभासद' असं लिहून घ्या. सभासदांविरुद्ध हा हक्क वापरणार नाही असं कलम कंपनी देते का ते विचारा. आणि गाळा भाड्याने देताना भाडेकरूने स्वतःच्या मालाचा आणि दायित्वाचा विमा काढायचा, अशी अट लिव्ह-लायसन्स करारात घाला.

१६. गाळेधारकाने दुकान मोठं दिसावं म्हणून मधला खांब छाटला. इमारतीला काही झालं तर?

विम्यावर विसंबू नका. जमीन खचण्याच्या जोखमीतून सदोष बांधकाम आणि रचनेतले फेरफार यामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. इमारत आपोआप कोसळणं ही आग पॉलिसीतली स्वतंत्र जोखीम नाहीच. घाटकोपरची साई सिद्धी ही इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावरच्या नर्सिंग होमच्या जागेत चाललेल्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता.

हातोड्याचा आवाज आला की त्याच दिवशी लेखी हरकत घ्या, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला कळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. या प्रश्नात सौजन्य दाखवायचं कारण नाही.

१७. गृहकर्जाबरोबर बँकेने माझ्या फ्लॅटचा विमा आधीच काढलाय. सोसायटीचा हप्ता पुन्हा का भरू?

तुमच्या पॉलिसीने जिना आणि गच्ची दुरुस्त होत नाही, म्हणून. फ्लॅटच्या भिंतींपुरता विमा दोन ठिकाणी असेल तरी एका नुकसानीची भरपाई दोनदा मिळत नाही, आणि दुसरी पॉलिसी आहे हे क्लेमच्या वेळी सांगावं लागतं. सोसायटीची पॉलिसी अख्ख्या इमारतीची असेल तर स्वतःच्या पॉलिसीत सामानाच्या रकमेवर जास्त भर द्या. गृह रक्षेत घराच्या विम्याबरोबर त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत सामानाचा विमा आपोआप असतो.

१८. क्लेमचे पैसे कोणाला मिळतात? ज्याने मेंटेनन्स थकवलाय त्याच्या बाजूची दुरुस्ती करायची का?

पैसे विमाधारकाला, म्हणजे सोसायटीला. ते इमारतीच्या दुरुस्तीसाठी असतात, सभासदांत वाटायला नाहीत. थकबाकीदाराची बाजू तशीच सोडता येत नाही, कारण तो स्लॅब एकट्याचा नसतो. थकबाकी वसुलीचा मार्ग वेगळा आहे, तो निबंधकाकडून जातो.

१९. बिल्डरने अजून कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करणारा दस्त) करून दिलेलं नाही. विमा काढता येतो?

काढता येतो. नुकसान झाल्यास सोसायटीला तोटा होणार, देखभालीची जबाबदारी तिच्यावर आहे, एवढं हितसंबंध दाखवायला पुरतं. कन्व्हेयन्स बाकी आहे हे अर्जात लिहा, झाकू नका.

२०. पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करतोय. पॉलिसी चालू ठेवायची?

जुन्या आग पॉलिसीत इमारत ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामी राहिली आणि कंपनीची संमती नसेल तर संरक्षण थांबतं. घरं रिकामी पण दोन गाळे अजून चालू, अशी अवस्था मिश्र इमारतींत नेहमीची. ती तारखेसह कंपनीला कळवा. पाडकाम सुरू झालं की विकासकाची 'काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क' (बांधकाम चालू असतानाच्या नुकसानीची) पॉलिसी हवी, आणि तिची प्रत विकास करारातच मागा.

२१. आग लागल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं?

अग्निशमन दल, पोलीस आणि विमा कंपनी, तिघांना कळवा. कंपनीला फोनबरोबर ईमेलही करा. जळका ढिगारा सर्व्हेअर येईपर्यंत हलवू नका. धोका असेल म्हणून हलवावाच लागला तर आधी फोटो आणि व्हिडिओ. अग्निशमन दलाचा अहवाल, पंचनामा, दुरुस्तीची अंदाजपत्रकं जमवा. ढिगारा उचलायचा आणि आर्किटेक्टचा खर्चही मागता येतो: गृह रक्षेत क्लेमच्या अनुक्रमे २ आणि ५ टक्क्यांपर्यंत.

२२. चेकवरच्या दोन सह्यांसाठी खजिनदार गावाहून यायची वाट बघितली, तेवढ्यात पॉलिसी संपली आणि आग लागली. 'नूतनीकरण करणार' असा ईमेल पाठवला होता.

ईमेल पुरत नाही. विमा कायद्याच्या कलम ६४-व्हीबी प्रमाणे प्रीमियम मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. चेक परत गेला तरी तेच. प्रीमियम महिनाभर आधी ऑनलाइन भरायचा ठराव वार्षिक सभेत करून ठेवा.

२३. क्लेम नाकारला. सोसायटी म्हणून कुठे जायचं?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी, नाकारण्याची कारणं आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागून. विमा लोकपालाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत, पण तिथे मुख्यतः वैयक्तिक, समूह, एकल मालकी आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसींच्या तक्रारी घेतात. गाळेधारकाला स्वतःच्या दुकानाच्या पॉलिसीसाठी तो मार्ग खुला असू शकतो. सोसायटीने ग्राहक आयोगात जावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या 'व्यक्ती'च्या व्याख्येत सहकारी संस्था येते. कोणत्या आयोगात जायचं हे मागितलेल्या भरपाईवर नाही, भरलेल्या प्रीमियमवर ठरतं, त्यामुळे कोटीचा क्लेम असला तरी तक्रार बहुतेक जिल्हा आयोगातच दाखल होते. मुदत २ वर्षांची. तक्रार कोणाच्या सहीने करायची याचा कमिटीचा ठराव सोबत जोडावा लागतो.